परक्या दारी : मिशनप्रवासांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकांसाठी प्रस्तावना

धर्मकार्यासाठी घर सोडून निघालेल्या माणसांनी मराठी मुलखाविषयी, आणि मराठी माणसांनी अशा प्रवासांविषयी, सोळाव्या शतकापासून पुष्कळ लिहून ठेवले आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्या जेझुइटांची पत्रे, मुंबई आणि अहमदनगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांचे अहवाल, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंक, बाबा पदमनजी आणि लक्ष्मीबाई टिळक यांची आत्मकथने, पंडिता रमाबाईंची प्रवासवर्णने असा हा मोठा ऐवज आहे. ग्रंथालयांत तो बहुधा धर्मप्रसाराच्या इतिहासाच्या कपाटात सापडतो. त्यामुळे ज्यांना धर्मांतराच्या इतिहासात रस नाही असे वाचक त्या कपाटाकडे फिरकत नाहीत. ही प्रस्तावना त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या घराण्यात हा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो त्यांच्यासाठीही आहे.

या साहित्यात एक प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो आणि तो कोणत्याही एका धर्माच्या मालकीचा नाही. ज्याची भाषा वेगळी, जात वेगळी, देव वेगळा, अशा अनोळखी माणसाशी वाटेत गाठ पडली तर आपण त्याच्याशी कसे वागतो? आणि आपणच अनोळखी असलो, तहानलेले, आजारी, मुक्काम शोधणारे असलो, तर दुसऱ्याने दिलेले कसे स्वीकारतो? श्रद्धेची परीक्षा प्रार्थनामंदिरात होते तशी रस्त्यावरही होते, आणि रस्त्यावरची परीक्षा अधिक कठीण असते. या परीक्षेच्या इतक्या तपशीलवार नोंदी मराठीशी जोडलेल्या दुसऱ्या कोणत्याही साहित्यात क्वचितच मिळतील. म्हणून हा विषय लक्ष देण्याजोगा आहे.

आरंभी थोडी पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी. ख्रिस्ती मिशनप्रवासाचे मूळ शुभवर्तमानांत आहे. येशूने आपल्या शिष्यांना दोघादोघांनी पाठवले तेव्हा थैली, झोळी, वहाणा यांवाचून जायला सांगितले. ज्या घरात स्वागत होईल तिथेच राहा, पुढे वाढतील ते खा, असे बजावले. लूकच्या ज्या दहाव्या अध्यायात ही आज्ञा आहे, त्याच अध्यायात पुढे चांगल्या शोमरोन्याचा दाखला येतो. लुटारूंनी वाटेत अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी बाजूने निघून जातात. ज्याला यहुदी परका आणि हीन समजत तो शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसे देतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या अखेरीस पौलाचे जहाज मेलिता बेटापाशी फुटते. पावसाने आणि थंडीने काकडलेल्या प्रवाशांसाठी शेकोटी पेटवतात ते त्या बेटावरचे लोक. त्यांनी पौलाचा उपदेश तोवर ऐकलेलाही नसतो.

हे तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट उघड होते. धर्मग्रंथाने मिशनप्रवाशाला आधी पाहुणा केले आहे. तो रिकाम्या हातांनी निघतो आणि परक्या घरातल्या अन्नावर जगतो. दया ही त्याच्या एकट्याची मिरास नसते, ती त्याला अनपेक्षित हातांकडूनही मिळते. पुढच्या काळातल्या मिशनांच्या अहवालांत हा भाग अनेकदा मागे पडला. किती शाळा काढल्या, किती पुस्तके वाटली, किती रोग्यांना औषध दिले, याचे आकडे पुढे आले. तरीही नोंदी नीट वाचल्या तर यजमान दिसतात. त्यांना शोधणे हे या अभ्यासाचे खरे सुख आहे, असे माझे मत आहे, आणि वाचकांनी याच वाटेने आत यावे अशी माझी विनंती आहे.

मराठी मुलखाला धर्मासाठी फिरणारा माणूस नवा नव्हता. महानुभावांनी अटन हा साधनेचाच भाग मानला. ‘लीळाचरित्रा’तले चक्रधर सतत गावोगाव फिरत आहेत; कुणाच्या घरी उतरले, कुणी वाढले, कुठल्या देवळात मुक्काम झाला, याच्या आठवणींनी तो ग्रंथ भरला आहे. आषाढीच्या वाटेवरची गावे आजही वारकऱ्यांच्या पंगती मांडतात. धर्मशाळा, देवळाची ओसरी, पाणपोई, अन्नछत्र या सोयी अनोळखी प्रवाशाला गृहीत धरूनच उभ्या राहिल्या. बोस्टनहून किंवा एडिंबरोहून आलेला गोरा पाद्री एखाद्या खेड्यात पोचला तेव्हा त्याचा पोशाख आणि उच्चार गावाला विचित्र वाटले असतील, पण देवाचे नाव घेत दारी आलेल्या माणसाला टेकायला जागा द्यायची असते हे गावाला माहीत होते. अर्थात जातीच्या रचनेने या आदरातिथ्यावर कडक मर्यादा घातल्या होत्या. ओसरी मिळे, पण पाण्याच्या भांड्याला हात लागू देत नसत. ही मर्यादाही त्या नोंदींत ठिकठिकाणी दिसते.

गोव्यापासून सुरुवात करू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात पोचला. नोव्हेंबरात त्याने वडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. वारे, तारे, समुद्रातले मासे, हिरड्या सुजवून माणसांना खिळवणारा आजार, सगळे त्यात आहे; आणि गोव्यात उतरल्यावर आपल्याला किती मायेने वागवले गेले हेही त्याने आवर्जून लिहिले आहे. पुढे चारच वर्षांनी राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती हे इंग्रज व्यापारी कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. पोर्तुगिजांना ते हेर वाटत होते. त्या परमुलखात त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी खटपट केली त्यांत स्टीफन्स होता. व्यापारी प्रॉटेस्टंट देशाचे, स्टीफन्स कॅथॉलिक संघाचा. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथॉलिक धर्मगुरूंना देहदंड होत होता. अडचणीत सापडलेल्या माणसापुढे त्याने हा हिशेब मांडला नाही.

हाच स्टीफन्स मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचतो. १६१६ साली राशोलला छापलेल्या या ग्रंथात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. परक्याच्या घरी राहून त्याच्या भाषेत, त्याच्या छंदात, त्याच्या कानाला ओळखीच्या वळणाने बोलण्याचा इतका मोठा प्रयत्न त्या काळात दुर्मीळ होता. पण वाचकांनी त्याच वेळी हेही विसरू नये की गोव्यातल्या ज्या साष्टी भागात स्टीफन्स राहिला तिथली देवळे त्याच्या येण्याआधी काही वर्षे पाडली गेली होती आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होते. एकाच मातीत प्रेमाने केलेली ओवी आणि सत्तेने केलेला अन्याय एकत्र नांदले. एकाने दुसरे झाकले जात नाही. या क्षेत्रात शिरणाऱ्याने दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरायची सवय लावून घ्यावी, कारण पुढेही ती पदोपदी लागणार आहे.

मुंबईची कथा वेगळ्या रीतीने सुरू होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. कलकत्त्याहून त्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम झालेला होता. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी त्यांच्याविषयी सहानुभूती दाखवून वेळ मिळू दिला, आणि त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. मिशनरी म्हणजे सरकारचा माणूस असे समीकरण आपण सहज मांडतो. मराठी प्रदेशातल्या या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या बाबतीत ते सुरुवातीला उलटे होते. त्यांच्याबरोबर निघालेल्या सॅम्युएल नेवेलची तरुण पत्नी हॅरिएट मॉरिशसला पोचून १८१२ साली तिथेच वारली. नेवेल एकटा पुढे मुंबईला आला आणि १८२१ मध्ये पटकीने गेला. या प्रवासांची किंमत किती होती याची कल्पना यावरून येईल.

गॉर्डन हॉलचा शेवटचा दौरा मला या सगळ्या साहित्यातले एक मध्यवर्ती पान वाटतो. मार्च १८२६ मध्ये तो दोन ख्रिस्ती मुलांना बरोबर घेऊन नाशिक आणि त्र्यंबककडे गेला. नाशिकला पटकीची साथ भडकली होती. त्याने जवळची औषधे लोकांना वाटली. ती संपेपर्यंत वाटली. परतीच्या वाटेवर एका खेड्यात त्याने देवळाच्या ओसरीवर आजारी माणसांशेजारी मुक्काम केला. पहाटे त्यालाच पटकीने गाठले आणि त्या वेळी त्याच्यापाशी पुरेसे औषध उरले नव्हते. २० मार्चला तो तिथेच गेला. त्याला मूठमाती द्यायला बरोबरची ती दोन मुलेच होती. मूर्तिपूजेविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या माणसाला अखेरचा आसरा एका हिंदू देवळाने दिला. त्या काळच्या मिशनरी चरित्रांनी हॉलच्या त्यागाचे वर्णन भरभरून केले. आज आपण त्या ओसरीकडेही पाहावे. ती अनोळखी वाटसरूसाठी मोकळी होती आणि त्याचा धर्म तिने विचारला नाही.

यानंतरच्या काळात मिशनऱ्यांच्या कामाला ठरावीक लय आली. पावसाळ्यात ठाण्यावर राहून शाळा, छापखाना, भाषांतर. थंडी सुरू झाली की बैलगाडी, राहुटी, पुस्तकांची पेटी घेऊन दौरा. या दौऱ्यांच्या रोजनिशा बोस्टनच्या ‘मिशनरी हेराल्ड’मध्ये आणि मुंबईत १८३० साली सुरू झालेल्या ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’मध्ये छापून येत. त्या वाचताना तुम्हांला चावडीवरचे वाद, बाजारातली गर्दी, नदीकाठची गावे, दुष्काळाची वर्षे, अनेक बोलींचे नमुने भेटतील. शाळांचे काम तर स्थानिकांच्या मदतीवाचून उभेच राहिले नसते. अमेरिकन मिशनच्या सुरुवातीच्या मुंबईकडील शाळांत कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल शिक्षक होते. अमेरिकेहून आलेला प्रॉटेस्टंट, कोकणातला ज्यू शिक्षक आणि त्यांच्यापुढे बसलेली मराठी मुले असा तो वर्ग होता.

सिंथिया फरार यांचे नाव मराठी वाचकाला सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रामुळे ओळखीचे असेल. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या. परदेशी मिशनकार्यासाठी एकट्या पाठवल्या गेलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन स्त्रियांत त्यांची गणना होते. पुढे त्यांनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच देह ठेवला. जोतीरावांनी त्यांची शाळा पाहिली, सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. फुले दांपत्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. फरारबाईंकडून घ्यायचे ते घेतले आणि त्याचे आपल्या पद्धतीने, आपल्या लोकांसाठी, काहीतरी फार मोठे केले. पाहुणीने आणलेली वस्तू यजमानाने आपल्या हिशेबाने वापरली. मिशनप्रवासाच्या यशाचे मोजमाप केवळ बाप्तिस्म्यांच्या नोंदवहीतून करता येत नाही, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. अनोळखी माणसाला दिलेला मदतीचा हात त्याने आपला धर्म घ्यावा म्हणून पुढे केलेला असेल, तर ती दया म्हणायची का? हा प्रश्न टाळून या विषयाचा अभ्यास होऊ शकत नाही. त्याचे उत्तर तात्त्विक चर्चेपेक्षा एका घटनेतून अधिक स्वच्छ दिसते. पत्नी आनंदीबाईंना अमेरिकेत शिकवावे म्हणून गोपाळराव जोशी यांनी मिशनऱ्यांकडे मदत मागितली. कोल्हापुरात अनेक वर्षे काम केलेले रॉयल वाइल्डर तेव्हा अमेरिकेत ‘मिशनरी रिव्ह्यू’ चालवत होते. त्यांनी हा पत्रव्यवहार छापला. त्यांच्या उत्तराचा रोख जोशी दांपत्याने आधी ख्रिस्ती व्हावे असा होता. तो अंक १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर यांच्या हाती दंतवैद्याकडे थांबलेल्या असताना योगायोगाने पडला. त्या स्वतः श्रद्धाळू होत्या. त्यांनी हजारो मैलांवरच्या त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले, आपल्या घरी या म्हणून सांगितले, आणि धर्म बदलण्याची अट घातली नाही.

आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ साली मिशनरी बायकांच्या सोबतीने त्या अमेरिकेला गेल्या, कार्पेंटरांच्या घरी राहिल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. हिंदू म्हणून गेल्या आणि हिंदू म्हणूनच परत आल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवलेल्या आहेत. एकाच नियतकालिकाच्या पानांतून एकाच श्रद्धेचे दोन स्वभाव बाहेर पडले, एक अट घालणारा आणि एक दार उघडणारा. वाचकांनी या क्षेत्रातला कोणताही प्रसंग वाचताना हा भेद मनात ठेवावा. वाइल्डर दुष्ट नव्हते. आत्म्याच्या तारणावर त्यांचा मनापासून विश्वास होता. पण कार्पेंटरबाईंचे नाव मराठी घरांत आजही कृतज्ञतेने घेतले जाते, यातच निवाडा आहे.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला उपस्थित राहण्यासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या. रमाबाईंचे आयुष्य म्हणजे प्रवासाचाच इतिहास आहे. १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्म, आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा, दुष्काळात आईवडील आणि बहीण यांचा मृत्यू, भावाबरोबर देशभर पायी भटकंती, उपास. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी व्याख्याने दिली, तिथल्या लोकांनी त्यांच्या कार्यासाठी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन केले, आणि परत आल्यावर त्यांनी १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध केले. पाहुणी म्हणून राहिलेल्या मराठी बाईने यजमानांच्या देशाचे केलेले हे निरीक्षण आहे. त्यात कौतुक आहे, आणि वर्णभेदासारख्या दोषांवर बोटही ठेवले आहे. मिशनप्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडेच झाला असे समजणाऱ्याने हे पुस्तक अवश्य वाचावे.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने रस्त्यावर आलेल्या मुली आणि बायका त्यांनी शोधून काढल्या आणि सुमारे तीनशे जणींना घेऊन त्या परतल्या. त्यातून केडगावचे मुक्ती मिशन वाढले. ज्या रस्त्यांवर त्या लहानपणी भुकेल्या हिंडल्या होत्या तसल्याच रस्त्यांवर त्या आता अन्न घेऊन उतरल्या होत्या. त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. १८९३ मध्येच रमाबाईंच्या शारदासदन या संस्थेतल्या धर्मप्रभावाच्या वादावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. निराधार मुलींना आसरा देताना त्यांना आपल्या श्रद्धेकडे वळवणे योग्य की अयोग्य, यावर मते आजही वेगवेगळी आहेत. वाचकांनी आपले मत जरूर बनवावे; मात्र त्या दुष्काळी वाटेवर दुसरे कोण गेले होते हाही प्रश्न त्याबरोबर स्वतःला विचारावा.

रेल्वेने या प्रवासांना नवी जागा दिली, ती म्हणजे डबा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. त्या गृहस्थाने संस्कृत काव्यावर त्यांच्याशी आदराने गप्पा मारल्या आणि नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती वाचली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण ही कथा इथे थांबवली तर अर्धीच राहते. त्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. नंतर अहमदनगरला ख्रिस्ती लोकांच्या शेजारात राहूनही त्यांनी आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवले. शेजाऱ्यांनी ते चालवून घेतले. हळूहळू त्यांच्याच मनातली परकेपणाची भिंत पडली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सगळे ज्या सरळपणे सांगितले आहे त्याला मराठीत तोड नाही.

या अभ्यासाला सुरुवात कुठून करावी असे कुणी विचारले तर मी ‘स्मृतिचित्रे’च हाती देईन. त्यानंतर बाबा पदमनजींचे १८५७ चे ‘यमुनापर्यटन’ घ्यावे. यमुना आणि तिचा नवरा गावोगाव जातात आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती ऐकतात. अनोळखी स्त्रीचे दुःख थांबून ऐकणे हेच त्या कादंबरीचे सूत्र आहे. मग रमाबाईंची प्रवासवर्णने वाचावीत. इतके झाल्यावर ‘ज्ञानोदय’चे जुने अंक आणि मिशनांचे अहवाल हाती घेतले तर ते कोरडे वाटणार नाहीत. ‘क्रिस्तपुराण’ मात्र घाईने वाचू नये. रोज थोड्या ओव्या मोठ्याने म्हणाव्यात. ते कानासाठी रचलेले काव्य आहे.

अहवाल वाचताना त्यांच्या भाषेने दचकू नये. हिंदू आणि मुसलमान धर्मांविषयी त्यांत कठोर, कधी अपमानास्पद शब्द आहेत. ते लपवायचे कारण नाही, तसेच त्यापायी पान मिटण्याचेही कारण नाही. अहवाल दूरच्या देणगीदारांसाठी लिहिलेले असत, आणि अंधार गडद दाखवला की दिव्याची गरज पटते हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. म्हणून मतांच्या वाक्यांपेक्षा घटनांच्या वाक्यांकडे अधिक लक्ष द्यावे. कोणी पाणी दिले, कोणी वाट दाखवली, नदीला पूर असताना गाडी कोणी ओढून काढली, तापात कोण उशाशी बसले, अशी वाक्ये लेखकाच्या मतांना न जुमानता खरे बोलून जातात. पुढे याच परंपरेतून जस्टिन अ‍ॅबट यांच्यासारखी माणसे निघाली; अ‍ॅबट यांनी महिपतींच्या संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरे करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालवली. शिकवायला आलेला शिष्य झाला, इतका बदल सहवासाने घडवला.

आणखी एक गोष्ट वाचकांनी शोधावी: नाव नसलेली माणसे. गाडीवान, स्वयंपाकी, मुन्शी, बायबल बाया, हॉलबरोबरची ती दोन मुले. मिशनरी दौऱ्यावर एकटा कधीच नव्हता. गावची भाषा, वाटा आणि मानपान ठाऊक असलेली माणसे पुढे असत आणि त्यांच्या शब्दावर दारे उघडत. अहवालांत त्यांचा उल्लेख ‘एक स्थानिक मदतनीस’ एवढ्यावर संपतो. बायबल बाया तर घराच्या आत, जिथे परक्या पुरुषाला मज्जाव होता तिथे, जात. बाळंतिणीजवळ, आजाऱ्याजवळ बसत. या माणसांची माहिती जुन्या मंडळ्यांच्या नोंदवह्यांत, कबरींवरच्या शिळांवर आणि वृद्धांच्या आठवणींत विखुरलेली आहे. तरुण अभ्यासकाला इथे खूप काम आहे, आणि ते मराठी जाणणाऱ्यालाच करता येईल.

आजही मंडळ्यांतले तरुण सुट्टीत सेवेसाठी परगावी जातात, आरोग्य शिबिरे भरवतात, मुलांना शिकवतात. त्यांच्यासाठी या साहित्यात रोजच्या उपयोगाचे शहाणपण आहे. घेऊन जाण्याइतकेच घ्यायला शिकावे. गरिबाच्या घरचा चहा आढेवेढे न घेता प्यावा, कारण तो नाकारणे म्हणजे त्याला देण्याचा मान नाकारणे होय. नावे विचारावीत आणि लक्षात ठेवावीत. आपल्या श्रद्धेविषयी कुणी विचारले तर मोकळेपणे सांगावे, पण मदतीच्या पुड्याला अटीची दोरी बांधू नये. ज्या देवाच्या नावाने आपण आलो तो यजमानाच्या घरी आपल्या आधीच पोचलेला असू शकतो, एवढी नम्रता ठेवावी. इतर धर्मांच्या सेवाभावी प्रवाशांनाही हे तितकेच लागू आहे.

हा वारसा केवळ ख्रिस्ती मंडळींचा नाही. नाशिकच्या वाटेवरच्या त्या देवळाचा, शाळेतल्या बेने इस्रायल गुरुजींचा, फुल्यांचा, जोशी दांपत्याचा, रोझेलच्या मावशीचा आणि ज्यांची नावे कुणी लिहिली नाहीत अशा असंख्य घरांचा तो एकत्रित वारसा आहे. वाचकहो, आपल्या घरी जुनी पत्रे असतील, आजीने सांगितलेली एखादी मिशनबंगल्याची किंवा मुक्कामाला आलेल्या परक्या पाहुण्याची हकिकत असेल, तर ती लिहून ठेवा, तारीख आणि गाव घाला, आणि जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा मंडळीकडे एक प्रत द्या. पाहुण्यांनी त्यांची बाजू भरपूर लिहिली आहे. यजमानांची बाजू लिहिणे अजून बाकी आहे, आणि ते काम आता तुमच्याकडे आहे.